सैलबाबाच्या पुड्या

सुताराची मूठ उघडली तेव्हा लाकडाच्या वखारीत दीडशे माणसं होती. पुढे महिन्याभरात ‘मी तिथेच उभा होतो’ म्हणणारे जे भेटले ते सहाशेच्या आसपास, आणि वखारीत तर दोनशेंना धड उभं राहायला जागा नाही. पण ते जाऊ द्या. मूठ उघडली हे खरं.

सहा वर्षं मिटलेली मूठ होती ती. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून सुताराची उजवी बाजू गेली, तेव्हापासून हात छातीशी दुमडलेला आणि बोटं तळव्यात रुतलेली. त्याची बायको रोज सकाळी एकेक बोट ताणून सोडवायची, तळवा पुसायची आणि नखं मांसात जाऊ नयेत म्हणून मध्ये कापडाची गुंडाळी सरकवायची. त्या दिवशी भुशाच्या ढिगावर अंथरलेल्या सतरंजीवरून बाबा उठले आणि त्याच हातात त्यांनी कोंबडीचं अंडं ठेवलं. बोटं थरथरली, हळूच मिटली, पुन्हा उघडली. अंडं शाबूत. सुतार रडला, त्याची बायको रडली, आणि पहिल्या रांगेतला एक धडधाकट गृहस्थ, ज्याला काहीही झालेलं नव्हतं, तोही आपली मूठ उघडमीट करून बघू लागला.

लोक त्यांना सैलबाबा म्हणत. बेंबीपर्यंत दाढी, आवाज बसलेला, बोलणं कुजबुजल्यासारखं. त्यामुळे एरवी बायकोचंही न ऐकणारी माणसं श्वास रोखून त्यांचं ऐकत. देह म्हणजे दोर, असं ते सांगत. कर्माने पीळ पडतो, अहंकाराने गाठ बसते. डॉक्टर पीळ मोजतो, आम्ही पीळ सोडतो. सुतारासकट सगळ्या रोग्यांना ते रोज राखेच्या तीन पुड्या देत; ती राख एका अशा झाडाची होती म्हणे, की ज्याला जन्मात वारा शिवलेला नाही. एवढं झाड वाढलं कुठे, कपाटात? पण असं विचारायला तोंड लागतं, आणि वखारीतली सगळी तोंडं उघडी असली तरी त्या कामाला मोकळी नव्हती.

एक तोंड होतं. मागे, बंद पडलेल्या करवतीच्या यंत्राला टेकून, दवाखान्यातला म्हातारा कंपाउंडर उभा होता. अडतीस वर्षं एकाच दवाखान्यात काढलेला माणूस. आधी मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली, आता त्यांच्या मुलीच्या, म्हणजे डॉक्टरबाईंच्या. अंडं ठेवण्याआधी तासभर सेवेकऱ्यांनी सुताराचा हात गरम पाण्याच्या बादलीत बुडवून अगदी सावकाश ताणला होता, हे त्याने पाहिलं होतं. आखडलेला स्नायू हिसका दिला की अधिक चिडतो आणि सावकाश ताणला की ऐकतो, हे दवाखान्यातल्या भिंतीलाही ठाऊक होतं. पण नुसत्या बादलीने सहा वर्षांची मूठ एवढी उघडत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. उरलेलं काम कशाने झालं, ते त्याला कळेना. आणि ते कळणं त्याला भाग होतं, कारण दुसऱ्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत, त्याचा सख्खा धाकटा भाऊ बसला होता.

भाऊ रंगारी. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला आणि पाठीचा कणा दुखावला. पाय राहिले, पण त्याच्या ताब्यात राहिले नाहीत. गुडघे एकमेकांना चिकटायचे, पोटऱ्या दगड व्हायच्या, आणि चहा पिता पिता पाय असा उसळायचा की कप भिंतीवर. मोठ्या रुग्णालयाने स्नायू सैल करणारी गोळी दिली होती, बॅक्लोफेन नावाची. आधी अर्धी अर्धी, दिवसातून तीन वेळा, मग दर तीन-चार दिवसांनी किंचित वाढवत. ठरलेल्या वेळी, जेवणाबरोबर. आणि एक गोष्ट डॉक्टरबाईंनी भावजयीकडून तीनदा म्हणवून घेतली होती: मनाने वाढवायची नाही, मनाने बंद तर कधीच करायची नाही.

गोळीने पाय निम्मे शांत झाले. निम्मे. वर सुस्ती यायची. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की यापेक्षा वाढवण्यात शहाणपण नाही; पायात थोडा ताठपणा आहे म्हणूनच तो बाजेची कड धरून उभा राहतो आणि खुर्चीत जातो. तो ताठपणा म्हणजेच त्याची काठी आहे. ज्याला शिडी चढायची आहे, त्याला हे कसं पटावं? भावजय घरात बसून कपडे शिवायची, मशीनवर वाकून दिवस काढायची आणि नवऱ्याला उचलून कंबर मोडून घ्यायची. सुताराच्या बायकोने तिला बाबांचं सांगितलं, बाबांनी तिला सांगितलं की एका दोराला दोघांनी ओढायचं नाही, आणि तिने गोळ्यांच्या पट्ट्या गटारात सोडल्या. दीड महिना झाला होता त्याला. ही बातमी कंपाउंडरला कळली ती भावाच्या तोंडून, तीही फुशारकीने.

“बघ दादा, गोळ्या बंद. काय झालं? काही नाही. उलट पाय लोण्यासारखे.”

लोण्यासारखे झाले होते खरे. एवढे, की तो बाजेची कड धरून उठायला गेला आणि ओल्या कपड्यासारखा खाली ओघळला. उभं राहणं गेलं होतं. बाबा म्हणाले होते की जुना ताठा पुरता गेल्याशिवाय नवं बळ येत नाही. रंगाऱ्याला यात तर्क दिसला. भिंतीवरचा जुना रंग खरवडल्याशिवाय नवा बसत नाही, हे त्याने आयुष्यभर केलं होतं. कंपाउंडरने कपाळाला हात लावला.

वखारीचे नियम कडक होते. सकाळची पुडी बाबांच्या समोर जिभेवर टाकायची. दुपारची आणि संध्याकाळची घरी न्यायची, पण कुणाला दाखवायची नाही, आणि रिकामे कागद दुसऱ्या दिवशी मोजून परत करायचे. कागद हरवला तर कृपा हरवली. आणि ज्याने मध्येच सोडलं, त्याची गाठ उलटते.

या शेवटच्या नियमावर कुणी हसत नसे. दूधवाल्याच्या आईचं सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हातारीचे पाय मणक्याच्या दुखण्याने आखडलेले; बाबांकडे महिनाभर छान वाटलं, मग सेवेकऱ्यांशी भांडण झालं आणि ती घरी बसली. तिसऱ्या दिवशी अंग भट्टीसारखं तापलं. भिंतीवरून मुंग्या उतरतायत म्हणून ती अंग ओरबाडू लागली, पाठ धनुष्यासारखी वाकली, दातखीळ बसली. चौथ्या दिवशी गेली. तिला या गोळीचं नावही माहीत नव्हतं, जन्मात कुठल्या डॉक्टरने ती लिहून दिली नव्हती. सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, आणि दुसऱ्या सकाळी वखारीत गर्दी दुप्पट झाली.

कंपाउंडरने मात्र एका सकाळी करवतीला टेकलेली पाठ सोडवली आणि भर सभेत विचारलं की राखेत आणखी काय आहे. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि डोळे मिटले. सेवेकऱ्यांनी त्याला दोन्ही दंडांना धरून बाहेर आणलं. मागून तो बसका आवाज आला की या माणसाच्या घरातली गाठ उलटणार. लगोलग दुसऱ्या दिवशी जाहीर झालं की अपमानामुळे बाबा चार दिवस मौनात आहेत. वखारीला कुलूप, पुड्या बंद.

मौनाचं खरं कारण पुढे औषध निरीक्षकांनी शोधून काढलं. माल घेऊन येणारा माणूस चार दिवस येणार नव्हता; आला तिसऱ्याच दिवशी. संतांचं मौन आणि दुकानदाराचा संपलेला माल यांत फरक एवढाच, की दुकानदार पाटी लावतो.

मौनाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी कंपाउंडर दवाखान्यात रक्तदाबाचं यंत्र पुसत होता, तेव्हा भावजयीच्या शेजारणीने निरोप आणला की असाल तसे या.

रंगारी बाजेवर आडवा होता, पण अंग बाजेला टेकत नव्हतं. पाय फळीसारखे, टाचा गादीत रुतलेल्या, कपाळावर घाम, अंग चटका बसेल असं. दोन्ही हातांनी दंड खाजवून त्याने रक्त काढलं होतं. भिंतीवरून रंग ओघळत बाजेपर्यंत आलाय, असं तो सांगत होता. शिडी धर, दादा, शिडी सरकतेय, असं म्हणत त्याने कंपाउंडरच्या हाताऐवजी हवा पकडली.

भावजय दाराशी उभी होती. तिच्या पायात चप्पल होती. रस्त्यावरून लोकांचा आवाज येत होता: बाबांनी मौन आधीच सोडलं, वखार उघडली, सगळ्यांना ताबडतोब बोलावलंय. सुताराला हातगाडीवर घालून नेत होते. तोही असाच तापलेला, त्याची मूठ पुन्हा मिटलेली. आणखी तिघं-चौघं मागोमाग. सेवेकरी घरोघर सांगत फिरत होते की तीन दिवसांच्या राहिलेल्या नऊच्या नऊ पुड्या बाबा आज एकदम देणार आहेत, म्हणजे कृपेत खंड राहणार नाही.

“तुम्ही डिवचलंत त्यांना,” भावजय म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. “आता बाजूला व्हा, दादा. मला गाडी आणायचीय.”

कंपाउंडर बाजूला झाला नाही. तो मनात हिशेब लावत होता. ताप, खाज, भास, पाठीची कमान: पुस्तकात हे कशाचं वर्णन म्हणून लिहिलंय, ते त्याला पाठ होतं. हे त्याच गोळीचं होतं, ती अचानक बंद केल्यावरचं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरबाईंनी तीनदा म्हणवून घेतलं ते याच्याच भीतीने. पण गोळ्या तर दीड महिन्यापूर्वी गटारात गेल्या. मग तेव्हा का काही झालं नाही? आणि दूधवाल्याच्या आईने ती कधी घेतलीच नाही, तिला का झालं?

याचं उत्तर एकच होतं. गोळी बंद झालीच नव्हती. दीड महिना ती चालूच होती, रोज तीन वेळा, राखेत.

त्याने भावजयीला विचारलं की एखादी पुडी शिल्लक आहे का. मग मशीनचं झाकण उचलून, बॉबिन ठेवायच्या डबीतून तिने एक पुडी काढली. अडीअडचणीला म्हणून मागे ठेवलेली. रिकाम्या कागदांत एक दुसराच कागद घालून तिने संख्या भरली होती. बाबांचा कोप होईल म्हणून तीन दिवस तिने ती नवऱ्याला दिलीही नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं.

कंपाउंडरने पुडी हातात घेतली आणि उजेडाकडे धरून तिची घडी पाहिली.

आता हे नीट सांगायला हवं. पूर्वी दवाखान्यात औषध पट्टीतून मिळत नसे. गोळ्या खलात कुटायच्या, भुकटी कागदावर पसरायची, सुरीच्या पात्याने तिचे सारखे भाग करायचे आणि एकेक भाग पुडीत बांधायचा. या कंपाउंडरचा डावा अंगठा तरुणपणीच फुटक्या काचेने कापला गेला होता. तो वळत नसे. त्यामुळे पुडीची शेवटची घडी तो उलट्या बाजूने, मुठीच्या कडेने दाबून घालायचा, आणि एक बारीकसा कान बाहेर राहायचा. जगात दुसरं कुणी अशी पुडी बांधत नाही, कारण दुसऱ्या कुणाला तशी बांधायचं कारण नाही. या पुडीला तो कान होता.

पंधरा वर्षांपूर्वी दवाखान्यात एक मदतनीस होता. तिशीचा, हुशार, गोड बोलणारा. कंपाउंडरकडे बघून बघून काम शिकला आणि इतक्या भक्तीने शिकला की गुरूच्या अंगठ्याचं व्यंगसुद्धा उचललं. रोग्यांना परस्पर औषधं देतो म्हणून मोठ्या डॉक्टरांनी त्याला काढलं होतं. दाढी नव्हती तेव्हा. आवाजही बसलेला नव्हता.

कंपाउंडरने टेबलावरच्या शिवणाच्या मापांच्या वहीतलं एक पान फाडलं, भावजयीच्या डोळ्यांसमोर त्याची पुडी बांधली आणि दोन्ही पुड्या शेजारी शेजारी ठेवल्या. ती शिवणकामातली बाई. टाका कुणाचा हे तिला लांबून ओळखू येई. ती दोन्ही कानांकडे बघत राहिली.

“ही बांधणाऱ्याला मी शिकवलंय,” तो म्हणाला. “बाबा-बिबा कुणी नाही तो. आणि राखेत तुझी गटारात टाकलेली गोळी आहे.”

“म्हणजे त्यांची पुडी दिली तर यांना बरं वाटेल?”

खोटं बोलायला हीच वेळ होती. नाही म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं. कंपाउंडरने आयुष्यात थापा कमी मारल्या नव्हत्या, पण ही त्याच्याने मारवेना.

“वाटेल. मला ठाऊक आहे, वाटेल. त्यावरच तर त्याचं दुकान चाललंय. पण त्या पुडीत पाव गोळी आहे की पाच, ते त्यालाही माहीत नाही, आणि तो तर नऊ देतोय. चुकलेल्या वेळा अशा एकदम भरून काढायच्या नसतात गं. जास्त झालं तर पाय सैल होऊन थांबणार नाहीत, श्वास सैल होईल. रुग्णालयात हेच औषध देतील, पण मोजून, आणि समोर बसून.”

बाहेर हातगाडीचं चाक दगडावर आदळलं. सुताराच्या बायकोने हाक मारली, चल गं, उशीर होतोय. भावजयीने खिडकीतून पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने चप्पल न काढता मशीनवरची चादर ओढली आणि म्हणाली, पायाकडून तुम्ही धरा.

कंपाउंडरने निघतानाच डॉक्टरबाईंना कळवलं आणि त्यांनी रुग्णालयाला आधीच फोन करून औषधाचं नाव सांगितलं होतं, म्हणून वेळ वाचला. गाडीतच रंगाऱ्याला झटके सुरू झाले होते. नळीवाटे तीच गोळी, झटके थांबवायचं इंजेक्शन, अंगाला बर्फ; स्नायू ताणून ताणून झिजले होते, त्याची घाण रक्तात जाऊन मूत्रपिंडावर आली होती. नऊ दिवस तो खिडकीजवळच्या खाटेवर होता. पाचव्या दिवशी त्याने भावाला ओळखलं आणि विचारलं की शिडी कुणी नेली.

सुतार त्याच संध्याकाळी गेला. नऊ पुड्या घेतल्यावर अर्ध्या तासात त्याचा ताप उतरला, मूठ उघडली, चेहरा शांत झाला. वखारीत जयजयकार झाला. मग त्याला झोप लागली, मग घोरणं कमी झालं, मग ते ऐकू येईनासं झालं. लोकांना वाटलं, झोपलाय. नऊच्या नऊ पुड्या त्या दिवशी अकरा जणांनी घेतल्या होत्या, बाकीच्यांनी एखाददुसरी. काही जण दिवसभर झोपून उठले, तिघांना रुग्णालयात न्यावं लागलं. बाबांनी सांगितलं की सुताराची शेवटची गाठही सुटली, तो मुक्त झाला. दुसऱ्या सकाळी वखारीत पुन्हा गर्दी.

तुम्ही म्हणाल, पोलीस काय करत होते? पोलीस दुसऱ्याच दिवशी निघाले होते, त्यांना डॉक्टरबाईंनी हात जोडून थांबवलं. चाळीसएक माणसं त्या पुड्यांवर होती. बाबांना उचललं की तिसऱ्या दिवशी चाळीस घरांत दूधवाल्याची आई. आधी रुग्णालयाने गोळ्यांचा साठा मागवला, नावांची यादी केली, पोलिसांनी साध्या कपड्यातला शिपाई वखारीत बसवला आणि दोन दिवस बाबांच्या सेवेकऱ्यांकडूनच डॉक्टरांनी मोजून भरलेल्या पुड्या वाटवल्या. सेवेकरी एव्हाना फार आज्ञाधारक झाले होते. तिसऱ्या सकाळी निरीक्षकांनी भरल्या वखारीत भुशाचा ढीग उपसला. खालून पत्र्याच्या पेटीत फोडलेल्या पट्ट्या निघाल्या, एक खल निघाला, आणि चुलीतली राख. झाडाला वारा लागला होता की नाही, ते निरीक्षकांनी तपासलं नाही.

लोक मात्र हलेनात. पट्ट्या पोलिसांनीच पेरल्या असतील, असं कुणीतरी म्हणालं. मग बाबा बोलले. कुजबुजले नाहीत, त्यांच्या जुन्या, साध्या आवाजात बोलले.

“औषधच दिलं ना? विष तर नाही? मूठ उघडली की नाही उघडली? आणि वाटून द्यायला मला शिकवलं कुणी? तुम्हीसुद्धा डोळ्यानेच वाटायचात, काका.”

सगळ्यांनी वळून कंपाउंडरकडे पाहिलं.

तो दवाखान्यातून एक इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आला होता. आपल्या डोळ्याचा त्याला फार अभिमान होता. माझ्या दहा पुड्या तराजूत घाला, काटा लाजेल, असं तो तीस वर्षं सांगत आला होता, आणि आजवर कुणी त्या घातल्या नव्हत्या. त्यानेही नाही. त्याने करवतीच्या टेबलावर कागद पसरला, खडूची भुकटी ओतली, आणि सुरीच्या पात्याने तिचे दहा ढीग केले. सुंदर केले, जवळ आलेले लोक म्हणाले की एकासारखा एक. मग त्याने एकेक ढीग काट्यावर ठेवला आणि मिलिग्रॅमचा आकडा मोठ्याने वाचला. चारशे ऐंशी. पाचशे चाळीस. तीनशे दहा. सहाशे नव्वद. त्याने दहाही वाचले.

“डोळ्यानेच वाटायचो,” तो म्हणाला. “माझं नशीब, की मी पोटदुखीची भुकटी वाटत होतो. तिथे दुप्पट झालं तर माणूस ढेकर देतो. माझी चूक होती ती, आणि ती याने माझ्याकडून घेतली. याच्या राखेत गोळी तर नीट कालवलेलीही नाही. सेवेकऱ्यांकडच्या दोन जुन्या पुड्या तपासल्या, एकीत अर्धी गोळी निघाली आणि एकीत जवळजवळ सात. ज्याच्या वाट्याला अर्धी आली त्याला तुम्ही म्हणालात श्रद्धा कमी पडली. सात आल्या त्याला म्हणालात मुक्त झाला. आणि ज्याने सोडली त्याची गाठ उलटली. गाठ नव्हती. अंगाला औषधाची सवय झालेली, ते एकदम काढून घेतलं की अंग असं पेटतं. हे औषधाच्या कागदावर छापलेलं आहे. म्हणूनच तर याला कागद नको होता.”

सुताराची बायको पुढे आली. तिने ढिगांकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं.

“माझ्या माणसाच्या नऊ पुड्यांत किती होतं?”

“ते कुणालाच सांगता येणार नाही, ताई,” कंपाउंडर म्हणाला. “बांधणाऱ्यालाही नाही.”

ती बाबांकडे वळली. बाबा खाली बघत होते. तिच्या मागे दूधवाल्याने खिशातली पुडी काढली आणि भुशात भिरकावली. मग दुसऱ्याने, मग दहा जणांनी. पदरातून, पाकिटातून, चाकाच्या खुर्चीच्या पिशवीतून पुड्या निघाल्या आणि लोक त्या पायाखाली तुडवू लागले. आता एकही नाही घेणार, कोणी ओरडलं. घरातल्याही गटारात टाका, असं बायका एकमेकींना सांगू लागल्या. असा विजय बघायला माणूस जन्मभर थांबतो. कंपाउंडर मात्र थांबला नाही. तो करवतीच्या टेबलावर चढला, या वयात, आणि दोन्ही हात वर करून त्याने लोकांना थांबवलं.

“पुड्या टाका, पण औषध बंद करू नका. ऐका. तुम्ही रागाने सोडलंत तरी अंगाला काय कळतं? त्याला भक्तीही कळत नाही आणि रागही कळत नाही. परवा सगळे तापाने फणफणाल आणि हाच माणूस तुरुंगातून म्हणेल, बघा, माझा कोप. दाराशी डॉक्टरबाई बसल्यात. एकेकाने जा. किती दिवस घेताय ते सांगा. दारू पीत असाल तर लपवू नका, मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर आधी सांगा, ते औषध तिथूनच बाहेर पडतं. ज्याला हवं आहे त्याला मोजून चालू राहील, ज्याला नको आहे त्याचं थोडं थोडं करत आठवड्यांनी सुटेल. आणि यापुढे कुणीही काही जिभेवर ठेवायला दिलं, मी दिलं तरी, तर आधी विचारा. नाव काय? किती? बंद कसं करायचं? जो सांगेल त्याचं घ्या. जो चिडेल, त्याच्याकडून उठा.”

बाबांना बाहेर नेलं तिकडे कुणी फारसं पाहिलंही नाही. पाय ओढणारी, खुर्च्यांतली, कुणाच्या खांद्यावर हात टाकलेली माणसं दाराकडच्या टेबलासमोर हळूहळू उभी राहू लागली. पहिला दूधवाला होता. त्याचा डावा हात कामावरच्या अपघातापासून आखडलेला. आई गेल्यावरही भीतीपोटी त्याने पुड्या सोडल्या नव्हत्या. डॉक्टरबाईंनी गोळ्यांची पट्टी त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती उचलली नाही. खांदे आवळून, भांडायला आल्यासारखा तो म्हणाला,

“नाव काय याचं?”

डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं. मग किती, ते सांगितलं. मग बंद कसं करायचं, ते एका कागदावर लिहून दिलं, आणि कागद त्याच्याकडेच ठेवायला सांगितला.